बाबांची तान कोणी तोडली?

माझ्या वडिलांना गाण्यातलं काहीही कळत नव्हतं आणि संत्र्यातलं सगळं कळत होतं. आमच्या गावात संत्र्यांचं गेली साठ वर्षं आणि गाण्याचं परवापासून बरोबर उलटं सांगितलं जातं. ते सुलटं करणं माझं काम आहे, कारण उलटं केलं तेही मीच.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या सडकेला लागून आमचा मळा होता. वांगी, कोथिंबीर, झेंडू असं पिकवायचं आणि बाजारात न्यायचं, हा पिढ्यांचा धंदा. बाबांनी त्यात अर्ध्या जागेत संत्री लावली. आजूबाजूला हसले लोक. बाबांनी ती झाडं पोटच्या पोरांसारखी वाढवली. (पोटच्या पोरांना विचारा, आमच्यापेक्षा बरी वाढवली.) त्या वर्षी पहिला बहार धरायचा होता.

आता संत्र्याचा एक विचित्र नियम आहे. बहार हवा असेल तर आधी झाडाचं पाणी बंद करायचं. भर हिवाळ्यात त्याला तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि मग नेमक्या दिवशी भरपूर पाणी सोडायचं. झाडाला वाटतं, आपण मेलो होतो, वाचलो! त्या आनंदात ते फुलांनी भरून जातं. या उपाशी ठेवण्याला ताण म्हणतात आणि पाणी देऊन तो संपवण्याला ताण तोडणं. ताण वेळेआधी तुटला तर झाड फुलत नाही. नुसती पालवी काढतं आणि आपल्याकडे बघून वर्षभर डोलत राहतं.

पुस्तकात तो ताण. बाबांच्या तोंडी मात्र ती तान. एक तर वऱ्हाडात ण कोणाच्या जिभेवर बसत नाही. आमचं पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. दुसरं, बाबा तिला ‘ती’ म्हणायचे, घरात एखादी मोठी बाई बाळंतपणाला आल्यासारखं. “हळू बोला, झाडं तानेवर हायेत!” (तहान म्हणजेही आमची तानच. आणि गवयाची तान ती तर तानच. एका शब्दात आम्ही तिघींची सोय करतो.)

अशा अवघडलेल्या घरात गोविंदमामा शिरला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, अकोल्याच्या कचेरीत कारकून. हा दोन वर्षं पुण्यात राहून आला होता आणि येताना गाण्याचं वेड आणि ण, अशा दोन गोष्टी घेऊन आला होता. तो ‘पाणी’ म्हणाला की ऐकणाऱ्याला ठसका लागायचा. दर हिवाळ्यात गावात मारुतीपुढच्या मैदानात संध्याकाळचे कार्यक्रम होत, कीर्तन, गोंधळ, दंडार असे ओळीनं. त्या वर्षी मैदान कापसाच्या गाड्यांनी भरून गेलं होतं. मामाची नजर आमच्या बागेवर पडली.

“भाऊजी, तुमची बाग म्हणजे निसर्गानं घातलेला मांडव आहे.”

“थो मांडव सध्या तानेवर हाये.”

“मग तर उत्तमच! चिखल नाही, गवत नाही, कोरडी ठणठणीत जागा.”

“आन् पान्याचा थेंब पडला तं माहा बहार गेला! मले गानं नोको न् गोंधळ नोको.”

तेवढ्यात आई आतून म्हणाली, “होऊ द्या ना. माह्या भावानं आजपावतर कधी काही मांगतलं काय तुमाले?”

संत्र्यातलं सगळं कळत असलं तरी आईपुढे कधी गप्प बसावं हे बाबांना त्याहूनही जास्त कळत होतं. मात्र त्यांनी एक अट घातली: बागेत पाण्याचा थेंब येता कामा नये. रांजण सडकेवर ठेवला गेला. ज्याला तान लागेल त्यानं सडकेवर जाऊन प्यावं!

दोन बैलबंड्या जोडून, वर फळ्या टाकून रंगमंच झाला. झाडांना पाणी द्यायचा जो दांड होता, तो कोरडा पडलेला. त्यात बायका पाय सोडून आरामात बसल्या. जणू त्यांच्यासाठीच खणला होता.

पहिल्या संध्याकाळी कीर्तन झालं. कीर्तनकारबुवांनी हरिश्चंद्राची कथा अशी लावली की बायका हमसून रडू लागल्या. बाबा अस्वस्थ. एका झाडाखाली म्हातारीचा पदर ओला चिंब झालेला पाहून ते वाकून म्हणाले, “काकू, वाईच सरकून रडा. झाड हाये इथं.”

दुसऱ्या दिवशी दंडार. पायांत घुंगरं बांधून गडी असे नाचले की ढेकळांचं पीठ झालं. बाबा पहिल्यांदाच खूश! “वखर फिरवल्यावानी झालं वावर,” म्हणाले, आणि नाचणाऱ्यांना उरलेल्या अर्ध्या बागेतही एकदा नाचून जाता का म्हणून विचारून आले.

गोंधळाच्या दिवशी बाबा हात मागे बांधून प्रत्येक पान खाणाऱ्याच्या मागे उभे राहत होते, थुंकतो कुठे ते पाहायला. एका पाहुण्यानं घाबरून विडा गिळला.

आणि मग शेवटची संध्याकाळ. पुण्याकडून मामाच्या ओळखीचे एक गवईबुवा येणार होते.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या बागेचे सदाशिव पाटील आले होते. त्यांनी आमच्या झाडाचं एक पान चुरगाळलं आणि म्हणाले, “अबे, आता तोड ना तान! झाडं मरतीन तुही!”

“संक्रांत होऊन जाऊ दे,” बाबा म्हणाले, “मंग तोडू.” पण पाटील गेल्यावर त्यांनी स्वतःही दोन-चार पानं चुरगाळली. मी ते पाहिलं. मला वाटलं, बाबांचं मन डळमळलं.

मी लहान होतो असं सांगून मला इथे सुटता आलं असतं. नव्हतो. चांगला मिशी फुटलेला, लग्न झालेला घोडा होतो. माझी बायको मंजुळा त्या संध्याकाळी इतर बायकांबरोबर दांडात पाय सोडून बसली होती. मी मात्र गाण्याला कंटाळून मागे विहिरीपाशी बैलांजवळ बसलो होतो. बैलांना आणि मला गाण्यातलं सारखंच कळायचं, त्यामुळे आमचं जमे.

बुवांनी सूर लावला. मग तो बराच वेळ लावलेलाच ठेवला. दिवे लागले, गॅसबत्ती आली. तिकडे गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायला घातलेले, मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी तयार. सगळ्या गावाचं जेवण होतं. आणि बुवा तानेमागून तान घेत होते. एक तान वर जाई, तिथे जरा हिंडे, लोकांना वाटे आता उतरली, आणि ती पुन्हा वर!

आई बाबांकडे गेली. “अवो, रोडगे करपून राहिले.”

बाबा मामाकडे गेले. “लय झालं. तोडाले सांगा त्याले आता.”

मामाला बुवांना तोंडावर सांगायची लाज. त्याच्या डोक्यात असं, की कोणीतरी रंगमंचाच्या मागून जावं, तबलजीच्या कानात सांगावं आणि तबलजीनं गाणं आवरतं घ्यावं. त्यासाठी त्याला रिकामा माणूस हवा होता. रिकामा म्हटल्यावर त्याला मी आठवलो.

तो अंधारातून आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, “किसना, तुझ्या बाबांनी सांगितलंय. तान तोडा आता.”

“आत्ता? बाबानं सांगतलं?”

“आत्ता! मागच्या बाजूनं जा. आणि हळू. कोणाच्या लक्षात येऊ देऊ नकोस.”

आणि गेला.

आता नीट विचार केला असता तर मामा ‘तान’ म्हणाला होता, ‘ताण’ नव्हे. जगात निदान या एका माणसाकडे ण होता! त्याला पाणी सोडायचं असतं तर तो ण म्हणून, वर मान उंचावून गेला असता. पण माझ्या मनात आलं ते असं: वा! दोन वर्षांनी मामा एकदाचा आपल्यासारखा बोलला!

शिवाय सगळं पटण्यासारखंच होतं. सकाळी बाबा डळमळलेले मी पाहिलेच होते. वर गाणं चाललंय, सवाष्णी बसल्यात, याहून चांगला मुहूर्त कोणता? आणि हळू करायचं कारण उघड होतं: सदाशिव पाटील पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांच्या सांगण्यावरून तान तोडली असं त्यांना वाटू नये!

मी कामाला लागलो. विहिरीची पूजा हवी म्हणून बुवांच्या सत्कारासाठी आणलेला नारळ उचलला आणि फोडला. हौद काठोकाठ भरलेला होता, सकाळी वांग्यांना सोडायला. त्याचा बोळा खेचला. दांडाच्या तोंडाशी बाबांनी मातीचा पक्का बांध घातला होता, तो फावड्यानं फोडला. पाणी अंधारात गुपचूप निघालं. तेवढ्यानं भागणार नाही म्हणून बैल जुंपले आणि मोटही सुरू केली.

मोटेच्या चाकाला तेल नव्हतं. ते किंचाळलं.

रंगमंचावर बुवांनी डोळे मिटूनच मान हलवली. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाकडे त्यांनी एक हात केला, ‘छान, असाच सूर ठेव’ म्हणून. तो बिचारा तंबोऱ्याच्या खुंट्या तपासू लागला.

पाणी सगळ्यात आधी मंजुळेला भेटलं.

“अगं बाई!” करून ती उठली. शेजारची उठली. मग दांडातली सगळी ओळ एकेक करत उठली. दांड भरला आणि पाणी आळ्यांमध्ये शिरलं, तसे पुरुष उठू लागले. मागची रांग उठली, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची.

बुवांनी डोळे उघडले. समोर अख्खा गाव उभा! उभ्या हयातीत त्यांच्या गाण्याला असा मान कोणी दिला नव्हता. त्यांनी आणखी वरची तान घेतली.

“पानी! पानी!” लोक ओरडले.

“डोळ्यांत येणारच,” बुवा तबलजीला म्हणाले, आणि त्याहून वरची घेतली.

तोवर पाणी रंगमंचाखाली पोचलं होतं. आमची काळी माती. कोरडी असताना दगड, भिजली की लोणी. डावीकडच्या बंडीचं चाक शांतपणे खाली जाऊ लागलं. फळ्या कलल्या. डग्गा घरंगळत निघाला, तबलजी त्याच्या मागे, आणि दोघंही एका आळ्यात जाऊन बसले. डग्गा तरंगला. बुवा मात्र कललेल्या फळीवर एका हातानं झाडाची फांदी धरून गातच होते. याला म्हणतात साधना!

इतक्यात बाबा धावत आले. एक वहाण चिखलात, दुसरी हातात. आणि रंगमंचापुढे उभे राहून असे ओरडले की मोर्शीच्या सडकेवरचे बैल बुजले:

“कोनं तोडली तान?”

गाणं थांबलं. इतका वेळ जे कोणालाही जमलं नव्हतं ते झालं.

“कोण म्हणतो तोडली?” बुवा लाल झाले. “अखंड होती! माझी तान आजवर कोणी तोडू शकलं नाही!”

“अरे पन तुटली ना! डोळ्यानं पाह्यतो ना मी!”

“तान डोळ्यांनी बघतात का?”

“मंग कायनं पाह्यतेत? माह्या तानेचं वाटोळं केलं न् वरून मलेच शिकवून राहिला!”

“तुमची तान?” बुवांचा आवाज बदलला. “आपणही गाता?”

तेवढ्यात मी मागून आलो, चिखलानं माखलेला, हातात फावडं, आणि मोठ्या कौतुकाची वाट पाहत म्हणालो, “बाबा, तोडली! कोनाच्या ध्यानात नाही येऊ देलं!”

बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. मामानंही पाहिलं. त्याच्या तोंडावर आधी तान आली, मग ताण आला, मग त्याला सगळं कळलं. कचेरीतला माणूस, निस्तरणं त्याच्या रक्तात होतं. तो एका उलट्या टोपलीवर चढला.

“बुवा! मंडळी! हा माझा भाचा. तुमची तान ऐकून याला राहवलं नाही. सगळा गाव सुरांनी तृप्त होतोय आणि ही मुकी झाडं तेवढी तहानलेली, हे त्याला बघवलं नाही. म्हणून यानं हौद सोडला!”

मग टाळ्या. चिखलात उभं राहूनही आमच्या गावानं टाळ्या वाजवल्या. आमचा गाव मनानं मोठा आहे, फक्त त्याला काहीही सांगितलेलं खरं वाटतं. बुवा फांदी सोडून खाली उतरले, घोट्यापर्यंत रुतत माझ्यापाशी आले आणि मला मिठी मारली. “असा श्रोता,” ते म्हणाले, “उभ्या जन्मात भेटला नव्हता.”

मग सगळ्यांनी करपलेले रोडगे खाल्ले. बाबा जेवले नाहीत. कंदील घेऊन ते एकेका आळ्यात पाणी कुठवर मुरलं ते पाहत हिंडत होते. मी मागोमाग गेलो.

“मामानं सांगतलं,” मी म्हणालो. “म्हने बाबानं सांगतलं, तान तोडा.”

बाबांनी वाकून आळ्यातली ओली माती बोटांनी चाचपली. मग म्हणाले, “सांगतलं तं मीच होतं बापा.” आणि कंदील घेऊन पुढे गेले.

संक्रांत झाली. झाडांना पालवी फुटली. काय ती पालवी! कोवळी, चकचकीत, बघत राहावी अशी. बाबा रोज पहाटे फांद्या वाकवून कळी शोधायचे. पाणी जिथवर पोचलं नव्हतं त्या कोपऱ्यातली थोडी झाडं तेवढी पुढे फुलली. बाकी सगळी बाग वर्षभर आमच्याकडे बघून डोलली.

सदाशिव पाटील आले. “अबे, मी तोड म्हनलं होतं तवा नाही तोडली, न् मंग आयकाले पाहुने बसले असताना पोराले तोडू देली? काहून?”

मी तिथेच होतो. तोंड उघडलंही होतं.

“माह्या मनानं तोडली,” बाबा म्हणाले. “माहा माल हाये.”

झालं! गावानं गोष्ट जुळवली. पोरगा दर्दी, बाप भोळा. पोराच्या गाण्याच्या नादापायी बापानं पहिला बहार घालवला, संत्र्यातलं काही कळत नाही बिचाऱ्याला. त्याआधी चार गावचे लोक विचारायला यायचे, “बाबा, तान कधी तोडावी?” त्या वर्षापासून ते पाटलांकडे जाऊ लागले. बाबा ओट्यावर बसून त्यांना जाताना पाहायचे. पुढे बाबांची बाग तालुक्यात पहिली आली तरी लोक म्हणाले, जमीनच चांगली.

आणि मी? माझं बरं चाललं. बुवांनी ती गोष्ट अकोल्यापासून नागपुरापर्यंत सांगितली. मला गायन मंडळाचा सभासद केलं, मग चिटणीस, मग अध्यक्ष. कुठेही गाणं असलं की मी पहिल्या रांगेत. साठ वर्षं! मला एक राग दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. शेजारचा मान हलवील तेव्हा मी हलवतो. एकदा शेजारी बसलेल्याची मान आजारानं आपोआप हलत होती. मी अख्खी मैफल त्याच्या तालात काढली आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी माझ्या लयीच्या समजेची वाखाणणी केली.

खरं सांगायचं रोज मनात यायचं. पण आज सभा आहे, उद्या सत्कार आहे, असं करत बाबा गेले. मामा गेला. पाटीलही गेले.

परवा गावानं माझा सत्कार ठेवला. एक तरुण वक्ता म्हणाला, “यांचे वडील साधे, बागायतीतलं फारसं ज्ञान नसलेले...” मंजुळा शेजारीच होती. तिनं कोपर मारलं. “अवो, आता तं बोला! का मेल्यावर बोलान?”

मी उठलो. माईक धरला आणि सरळ सांगून टाकलं, आमच्या भाषेत, जशी जिभेवर आली तशी:

“मंडळी, माह्या बाबाचा काही दोष नव्हता. बाबाची तान बरोबर होती. त्यायच्याएवढं तानेतलं या तालुक्यात कोनाले कळत नव्हतं! ती तान मी तोडली. मी!”

समोर एक-दोघांनी डोळे पुसले. मग टाळ्यांचा कडकडाट. मला साठ वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

अध्यक्ष उठले. म्हणाले, “आज आपल्याला एक नवी गोष्ट कळली. यांचे वडीलही मोठे गाणारे होते! अशा या उपेक्षित कलावंताच्या स्मरणार्थ आपण दर हिवाळ्यात तानेची स्पर्धा घेऊ.” परीक्षक म्हणून माझं नाव एकमतानं झालं.

घरी येताना मंजुळा म्हणाली, “तुमी बोलूच नका बापा. तुमी बोलले की काहीतरी बिघडते. लिहून काढा.”

तिचं बरोबर होतं. बोलण्यात आमचा ण दिसत नाही; कागदावर तरी दिसेल. म्हणून मी हे सगळं आधी एकदा बसून लिहिलं आणि अमरावतीला छापखान्यात दिलं. काल छापलेला कच्चा मजकूर तपासायला आला. पाहतो तर जिथे जिथे बाबांचा ताण, तिथे तिथे तान! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत! मी भडकलो. छापखानेवाल्याला फोनवर वाट्टेल तसं बोललो. वऱ्हाडातल्या माणसाला साधा ण छापता येऊ नये का, म्हणालो. तो गरीब माणूस. त्यानं निमूटपणे माझेच हस्ताक्षरातले कागद परत पाठवून दिले.

ते आत्ता समोर आहेत. छापखानेवाल्यानं एकही अक्षर चुकवलेलं नाही.